दाह विझवण्याची घाई

२००६ साली 'नेचर'मध्ये आलेला अल्झायमरवरचा एक गाजलेला शोधनिबंध २०२४ च्या जूनमध्ये मागे घेतला गेला. त्यातल्या काही प्रतिमांमध्ये फेरफार झाल्याचे उघडकीला आले होते. त्याच्या कितीतरी आधीपासून कुजबुजत मांडली जाणारी गोष्ट आता मोठ्या आवाजात मांडली जाऊ लागली आहे: मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाला दोषी धरणारी कथा फसली, खरा गुन्हेगार वेगळाच आहे आणि त्याचे नाव दाह. वय वाढते तसा मेंदूतला दाह वाढतो, दाहाने चेतापेशी मरतात, तेव्हा दाह विझवा. गोळीने, आहाराने, उपासाने, जे हाताशी असेल त्याने. समोरच्या बाजूला अमायलॉइडचे जुने पाईक आहेत. त्यांच्या लेखी दाह म्हणजे नुसता धूर, आग दुसरीकडेच आहे. दोन्ही बाजू इतक्या आवेशाने भांडतात, की आपण ज्याच्यावरून भांडतो आहोत ती गोष्ट एक आहे की दहा, हे विचारायला कोणाला सवड नाही.

माझे म्हणणे असे आहे. म्हातारपणी मेंदूची जी झीज होते तिच्यात प्रतिकारशक्तीच्या पेशींचा हात आहे, हे नाकारण्याचे दिवस गेले. पण तेवढ्यावरून 'दाह कमी करा' म्हणणे म्हणजे गुन्ह्याच्या जागी दर वेळी पोलीस दिसतात म्हणून पोलीसच कमी करा म्हणण्यासारखे आहे. त्या पोलिसांतले काही खरोखर फितूर असतात, हेही खरे. ते कोणते, कधी फितूर झाले आणि कोणाच्या सांगण्यावरून, हा तपासाचा भाग आहे, आणि नेमका तोच या वादात गाळला जातो.

थोडा दोष शब्दाचा आहे. दाह म्हटले की आग दिसते, आग दिसली की पाणी आठवते. रोमन लेखक सेल्ससने दोन हजार वर्षांपूर्वी दाहाची चार लक्षणे नोंदवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. ती त्वचेवरच्या जखमेला चपखल बसतात. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना कळत नाही, आणि अल्झायमरच्या मेंदूत लाली किंवा गरमी शोधून सापडायची नाही. संशोधक तिथे 'दाह' म्हणतात तेव्हा त्यांनी पाहिलेले असते ते एवढेच, की मायक्रोग्लिया नावाच्या, मेंदूतल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकार बदलला आहे, त्यांच्यातली काही जनुके जागी झाली आहेत आणि काही संदेशवाहक प्रथिने वाढली आहेत. या पेशींना ओळख मिळवून दिली ती पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने, १९१९ मध्ये. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे पाठ्यपुस्तके सांगत राहिली, की त्या एरवी 'विश्रांती' घेतात आणि संकट आले की 'सक्रिय' होतात. २००५ मध्ये दोन गटांनी जिवंत उंदरांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकातून डोकावून पाहिले. विश्रांती वगैरे काही नव्हती. या पेशींच्या फांद्या सतत हलत होत्या, आजूबाजूचा एकेक कोपरा चाचपत होत्या. निरोगी मेंदूतही त्यांचे काम अष्टौप्रहर चालू असते: मेलेल्या पेशी उचलायच्या, वाढत्या वयाच्या मेंदूत चेतापेशींमधले जादा सांधे खुडायचे, कचरा गिळायचा. ज्या पेशीला झोपच नाही तिला 'शांत करा' म्हणजे नेमके काय करा?

इतिहासाचा एक धडा इथे फार जवळचा आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. १८२२ मध्ये आंत्वान बेल या तरुण फ्रेंच डॉक्टरने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की वेडाच्या एका विशिष्ट प्रकारात, ज्यात माणसाला आधी स्वतःच्या थोरवीचे भास होतात, मग लकवा येतो आणि शेवटी बुद्धीच जाते, मेंदूच्या आवरणाला दीर्घकाळचा दाह झालेला असतो. मानसिक आजाराचे मूळ शरीरात दाखवणारा हा पहिल्या काही ठोस पुराव्यांपैकी एक. बेलचे निरीक्षण अचूक होते. दाह तिथे होताच. त्याच काळात पॅरिसमध्ये ब्रुसे नावाच्या बड्या वैद्याचा बोलबाला होता. त्याच्या मते जवळजवळ सगळ्या रोगांचे मूळ दाहात आणि त्यावरचा उतारा जळवा लावण्यात. त्याच्या शिष्यांनी इतक्या जळवा लावल्या, की फ्रान्सला १८३० च्या दशकात कोट्यवधी जळवा बाहेरून आणाव्या लागल्या. बेलच्या रोगाचे पुढे काय झाले? नव्वद वर्षांनी, १९१३ मध्ये, नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. दाह होता तो या जंतूंशी चाललेल्या लढाईचा. आणि गंमत पाहा: या रोगावर पहिला थोडाफार चाललेला उपाय दाह विझवण्याचा नव्हताच. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेगने १९१७ मध्ये रुग्णांना मुद्दाम हिवताप दिला, म्हणजे अंगातली आग आणखी भडकवली. काही रुग्ण त्या हिवतापानेच दगावले, पण काही सुधारले, आणि १९२७ मध्ये त्याला नोबेल मिळाले. रोग खऱ्या अर्थाने आटोक्यात आला तो पेनिसिलीनने. बेलच्या काळात दाहाविरुद्धची उत्तम गोळी असती तर ती या रुग्णांना दिली गेलीच असती, आणि जंतूंना मोकळे रान मिळाले असते.

म्हणजे अल्झायमरच्या मागेही कुठला तरी जंतू आहे, असे सुचवायचे नाही. तशी मांडणी करणारे आहेत, तो वाद निराळा. बेलच्या गोष्टीतून मला एवढेच घ्यायचे आहे, की दाह सापडणे आणि दाहाची भूमिका कळणे यांत नव्वद वर्षांचे अंतर पडू शकते.

आता दाहाला दोषी धरणाऱ्यांचे म्हणणे. ते हलके नाही. खुद्द आलोइस अल्झायमरने १९०७ च्या आपल्या टिपणात चेतापेशींमधल्या गुंत्यांबरोबर भोवतालच्या आधारपेशींत साठलेल्या चरबीचीही नोंद केली होती. शंभर वर्षे ती बाजूला पडली. १९८० च्या दशकात व्हँकुव्हरच्या पॅट्रिक आणि एडिथ मॅगीर या दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या मेंदूत चिथावलेल्या मायक्रोग्लिया दाखवल्या, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली, कारण मेंदू हा प्रतिकारशक्तीच्या कक्षेबाहेरचा प्रदेश आहे असे तेव्हा मानले जाई. मग २०१३ मध्ये जनुकांनीच साक्ष दिली. ट्रेम-२ या जनुकातल्या एका दुर्मीळ बदलाने अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढतो असे दोन गटांनी एकाच वेळी दाखवले, आणि हे जनुक मेंदूत वापरात असते ते मायक्रोग्लियांमध्ये. जनुक जन्मापासून सोबत असते, रोग सत्तरीत येतो. त्यामुळे 'रोग आधी, दाह नंतर' ही पळवाट इथे बंद होते. रोजच्या अनुभवातलाही एक पुरावा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला लघवीच्या मार्गाचा साधा जंतुसंसर्ग झाला तरी तो बरळू लागतो, आणि ताप उतरल्यावरही पूर्वीच्या पायरीवर परत येत नाही. साउदम्प्टनच्या संशोधकांनी सुमारे तीनशे रुग्णांचा सहा महिने मागोवा घेऊन २००९ मध्ये हेच आकड्यांत मांडले: ज्यांना मधल्या काळात असा संसर्ग किंवा इजा झाली त्यांची घसरण दुप्पट वेगाने झाली. शिवाय उंदरांवरचे २०१६ चे प्रयोग आहेत. त्यांत अमायलॉइडच्या गाठी जमण्याच्याही आधी मायक्रोग्लियांनी चेतापेशींचे सांधे गिळल्याचे दिसले. लहानपणी छाटणीचे जे काम त्यांच्याकडे असते तेच त्या नको त्या वेळी पुन्हा करू लागतात. एवढा पुरावा असताना दाहाला 'नुसता धूर' म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

मग अडचण कुठे आहे? 'म्हणून विझवा' या उडीत. ही उडी माणसांवर मारून पाहिली गेली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. १९९० मध्ये मॅगीर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की संधिवाताच्या रुग्णांत अल्झायमर कमी आढळतो. अंदाज असा, की वर्षानुवर्षे घेतलेल्या दाहशामक गोळ्यांमुळे. २००१ मध्ये रॉटरडॅममधल्या सुमारे सात हजार लोकांच्या पाहणीने त्याला जोर दिला. दोन वर्षांहून अधिक काळ अशा गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमरचा धोका तब्बल ८० टक्क्यांनी कमी दिसला. एवढा मोठा परिणाम दिसल्यावर चाचणी व्हायलाच हवी होती, आणि झाली. अमेरिकेत कुटुंबात अल्झायमरचा इतिहास असलेल्या सत्तरीपुढच्या अडीच हजार लोकांना चिठ्ठ्या टाकून नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब किंवा लुटुपुटीची गोळी देण्यात आली. हृदयविकाराच्या भीतीने २००४ च्या डिसेंबरमध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि हाती आलेल्या आकड्यांत संरक्षणाचा मागमूस नव्हता. रोग जडलेल्या रुग्णांवर प्रेडनिसोन, रोफेकॉक्सिब वापरून झाले, फायदा नाही. रॉटरडॅममध्ये मग काय दिसले होते? कावळा बसला आणि फांदी मोडली, असे काहीतरी असू शकते. ज्याची स्मृती आतून पोखरली जात आहे असा माणूस दुखण्याची तक्रार कमी करतो, डॉक्टरही त्याला कमी गोळ्या देतो. मग गोळी न घेणाऱ्यांत रोग जास्त दिसतो.

यावर ठरलेले उत्तर येते: औषध उशिरा दिले, वरातीमागून घोडे. या उत्तरात तथ्य आहे. अल्झायमरचे बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होतात हे आता पक्के झाले आहे, आणि सत्तरीनंतरची गोळी कदाचित उशिराचीच. पण मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी जोखीम असलेल्या, तोवर ठणठणीत अशा जवळपास दोनशे लोकांना दोन वर्षे नॅप्रोक्सेन देऊन पाहिले. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: काहीही फरक नाही. त्याहून मला बोचते ती एएलएसची गोष्ट. या रोगात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि तिथेही मायक्रोग्लिया चिथावलेल्या असतात. मिनोसायक्लीन हे जुने प्रतिजैविक दाह कमी करते. उंदरांत त्याने रोग लांबवला होता. चारशेहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांची घसरण न घेणाऱ्यांपेक्षा २५ टक्के वेगाने झाली होती. 'उपयोग नाही झाला तरी अपाय काय?' असे विचारणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

ट्रेम-२ च्या पुराव्यातही एक मेख आहे, आणि दाहविरोधी मंडळी ती हमखास विसरतात. धोका वाढवणारा तो बदल मायक्रोग्लियांना जास्त आक्रमक करत नाही, तो त्यांना मंद करतो. ट्रेम-२ च्या इशाऱ्यावर या पेशी अमायलॉइडच्या गाठीभोवती कडे करतात आणि तिला आवळून धरतात; इशारा क्षीण झाला की कडे विस्कळीत होते. ज्यांच्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात त्यांना नासू-हाकोला नावाचा अतिदुर्मीळ रोग होतो: तारुण्यातच हाडे ठिसूळ होतात आणि चाळिशीच्या आसपास बुद्धी जाते. जो जनुकीय पुरावा दाहाविरुद्ध नाचवला जातो तो नीट वाचला तर सांगतो, की मेंदूला या पेशींची प्रतिक्रिया कमी पडते आहे. मग उलटी घोषणा द्यायची का, 'दाह वाढवा'? तेही करून पाहिले गेले. ट्रेम-२ ला चेतवणाऱ्या एका प्रतिपिंडाची चाचणी २०२४ च्या अखेरीस फसली. औषधाने नेमून दिलेल्या लक्ष्याला गाठले होते, रुग्णांची घसरण मात्र थांबली नाही. माझ्या बाजूला हे गैरसोयीचे आहे आणि मी ते लपवत नाही. विझवा आणि चेतवा या दोन्ही घोषणा एकाच कळीच्या दोन खुणा आहेत, आणि मेंदूत अशी एकच कळ असल्याचे कोणी दाखवलेले नाही.

मग या क्षेत्रात चांगले काम कसे दिसते? स्टॅनफर्डच्या कॅट्रिन अँड्रिअसन यांच्या गटाने २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेले संशोधन मला या सगळ्या गलक्यापेक्षा जास्त बोलके वाटते. नेहमीच्या दाहशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रेणूंच्या अख्ख्या कुटुंबाचे उत्पादन रोखतात. या कुटुंबातले काही सदस्य दाह भडकवतात, काही आवरतात, आणि एकच रेणू वेगवेगळ्या दारांतून शिरून वेगवेगळी कामे करतो. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात ते इथे शब्दशः खरे. अँड्रिअसन यांनी एकच दार निवडले, ईपी-२ नावाचे. वय झालेल्या भक्षकपेशींवर हे दार मोठ्या संख्येने उघडे असते, आणि त्यातून संदेश शिरला की पेशी साखर जाळून ऊर्जा काढायची सोडून तिची साठवण करू लागते. उपाशी पेशी चिडचिडी होते, कचरा गिळायचे टाळते आणि दाहाचे संदेश सोडत राहते. म्हाताऱ्या उंदरांत हे दार बंद केल्यावर पेशींचा कारभार सुधारला, आणि स्मृतीच्या कसोट्यांत ते तरुण उंदरांच्या जवळ पोचले. यातला खरा नवलाचा भाग पुढे आहे. मेंदूत शिरू न शकणारे औषध दिले तरीही परिणाम दिसला. म्हणजे मेंदूबाहेरच्या, रक्तातल्या पेशी सुधारल्या तरी मेंदूला लाभ झाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी ही म्हण आपण चेष्टेने वापरतो. इथे बंब सोमेश्वरी नेऊनच काम झाले असे म्हणावे लागेल.

हे उंदीर आहेत, हे मला कळते. उंदरांत बरा झालेला अल्झायमर माणसांत बरा होत नाही, याची उदाहरणे मोजायला बसलो तर लेख संपणार नाही. मी या संशोधनाकडे औषध म्हणून पाहत नाही, प्रश्न विचारण्याची रीत म्हणून पाहतो. कोणती पेशी, कोणत्या वयाची, तिच्या कोणत्या दारातून कोणता संदेश? 'दाह' या एका शब्दाऐवजी इतके तपशील आले की वादाचे अर्धे अवसान गळते.

अमायलॉइड विरुद्ध दाह हे भांडणही मग टिकत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध अमायलॉइडवर चालते असे आपण म्हणतो. ते काम कसे करते? प्रतिपिंड गाठीला चिकटतो आणि मायक्रोग्लियांना ती दाखवून देतो. उचलायचे काम प्रामुख्याने त्यांचे. अठरा महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, म्हणजे १८ गुणांच्या मापनपट्टीवर अर्ध्या गुणाहूनही कमी फरक, आणि दर आठांतल्या एकाच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली. यश तुटपुंजे आहे, पण जेवढे आहे ते प्रतिकारशक्तीच्या हातून आले आहे, आणि सूजही तिच्याच हातून. त्याआधी २००२ मध्ये अमायलॉइडविरुद्धच्या लशीची चाचणी थांबवावी लागली होती, कारण सुमारे तीनशेपैकी १८ जणांना मेंदूदाह झाला. त्या चाचणीतले काही लोक पुढे वारले तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या गाठी जवळजवळ साफ झालेल्या आढळल्या, तरी स्मृतिभ्रंश पुढे सरकतच राहिला होता. अमायलॉइडवाल्यांनी हे पचवायला हवे. आणि दाह वाईटच असे म्हणणाऱ्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसकडे पाहावे. तिथे प्रतिकारशक्ती खरोखरच मेंदूवर उठलेली असते, तिला आवर घातला की रुग्णाला फायदा होतो, हे मी खुल्या मनाने मान्य करतो. पण याच रोगावरच्या नॅटालिझुमॅब या औषधाने पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरण्यापासून रोखले तेव्हा काही रुग्णांत, एरवी गुपचूप पडून राहणाऱ्या एका विषाणूने मेंदू खाल्ला आणि २००५ मध्ये ते औषध काही काळ बाजारातून काढून घ्यावे लागले. दारावरचा पहारा उठवला की आत कोण शिरेल हे आधी सांगता येत नाही.

राहता राहिला सर्वांत साधा आक्षेप: एवढी चिरफाड कशाला, लोक या निमित्ताने चालायला लागतील, वजन घटवतील, सिगारेट सोडतील, तर बिघडले काय? काहीच नाही. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, धूम्रपान यांवर केलेला खर्च वाया जात नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये असे १४ घटक मांडले आणि ते सगळे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज दिला. पण त्यासाठी 'मेंदूला लागलेल्या आगी'ची भीती घालायची गरज नाही, आणि भीती घातली की तिच्या मागोमाग दुकाने येतात. म्हाताऱ्या उंदरांना तरुण उंदरांचे रक्त दिल्याचे प्रयोग गाजले, आणि बघता बघता तरुणांचा प्लाझ्मा विकत देणारी केंद्रे निघाली. अखेर अमेरिकेच्या औषध प्रशासनाला फेब्रुवारी २०१९ मध्ये लोकांना जाहीरपणे सावध करावे लागले.

दाहाच्या घोषणेने झाकला जाणारा आणखी एक पुरावा आहे आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून वृद्धांना नागिणीची लस देण्याची योजना सुरू झाली. नियम असा होता, की २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळणार, त्याआधीच्यांना कधीच नाही. त्या तारखेच्या आठवडाभर अलीकडे आणि आठवडाभर पलीकडे जन्मलेल्या माणसांत दुसरा कोणता फरक असणार? रॉटरडॅमच्या पाहणीत जो घोळ होता, की गोळी घेणारे मुळातच वेगळे लोक असू शकतात, तो इथे नियमानेच मिटवला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार लस घेतल्याने सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे निदान सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले, आणि परिणाम स्त्रियांमध्ये अधिक ठळक होता. चेतापेशींत दडून बसलेला आणि पुढे नागीण होऊन उठणारा कांजिण्यांचा विषाणू पुन्हा उठला नाही म्हणून हे झाले, की लशीने एकूण प्रतिकारशक्तीलाच वळण लावले म्हणून, याचा शोध अजून चालू आहे. एवढे मात्र लस घेतलेल्या कोणालाही विचारता येईल: सुई टोचली त्या दंडावर दुसऱ्या दिवशी लाली होती, सूज होती, हात लावला तर गरम लागत होते, आणि दुखत होते.